‘हा लष्करी ताबा नव्हे’ : इराणचे खान आणि चार परके हात

२९ जानेवारी १९४२ रोजी तेहरानमध्ये ब्रिटन, सोव्हिएत रशिया आणि इराण यांच्यात एक करार झाला. त्यात एक कलम असं होतं की, इराणच्या भूमीवर ब्रिटिश आणि रशियन फौजा असणं म्हणजे लष्करी ताबा नव्हे. करार झाला तेव्हा रशियन फौजा उत्तरेत होत्या, ब्रिटिश फौजा दक्षिणेत होत्या, रेल्वे त्यांच्या हातात, रस्ते त्यांच्या हातात, आणि देशाचा राजा चार महिन्यांपूर्वीच हद्दपार झालेला.

बातमीदारीत इतकी वर्षं काढल्यावर एक सवय लागते. प्रेसनोटमध्ये ‘तणाव नाही’ असं आवर्जून लिहिलेलं दिसलं की आधी मोटारसायकल काढायची. जी गोष्ट नाहीच, ती नाही म्हणून कोणी कागदावर लिहीत नाही.

इराणची बातमी आली की आपल्याकडे चर्चा दोनच ठिकाणी जाते. एक तर १९७९ ची क्रांती, नाही तर तेल. मधली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, ती आज सांगतो. दुसऱ्या महायुद्धात इराणच्या डोंगरांतल्या टोळ्या उठल्या. तेव्हा तेहरान म्हणत होतं, यामागे इंग्रज आहेत. इंग्रज म्हणत होते, जर्मन आहेत. उत्तरेत सगळे म्हणत होते, रशियन आहेत. गंमत म्हणजे तिघांचंही म्हणणं थोडं थोडं खरं होतं. तरीही मूळ गोष्ट तिघांच्याही हिशोबात नव्हती.

आधी स्वारीचं बघू. २५ ऑगस्ट १९४१. पहाटे दक्षिणेकडून ब्रिटिश आणि उत्तरेकडून रशियन एकाच वेळी घुसले. कारण सांगितलं ते इराणमधल्या जर्मन माणसांचं. खरी गरज दोन गोष्टींची होती. अबादानचा तेल शुद्धीकरण कारखाना आणि इराणच्या आखातापासून कॅस्पियनपर्यंत जाणारी, १९३८ मध्येच पूर्ण झालेली रेल्वे. हिटलरने जूनमध्ये रशियावर हल्ला केला होता आणि रशियाला माल पोचवायला वाट हवी होती. पुढे युद्ध संपेपर्यंत या वाटेने चाळीस लाख टनांहून जास्त माल गेला.

दक्षिणेकडून घुसलेल्या या ‘ब्रिटिश’ फौजेत बहुतेक शिपाई आपले होते. आठवी आणि दहावी हिंदी डिव्हिजन. दहावीचा प्रमुख जनरल स्लिम, जो पुढे ब्रह्मदेशात गाजला. खुर्रमशहरच्या बंदरात इराणी नौदलाचा प्रमुख ॲडमिरल बायंदोर पहिल्याच दिवशी मारला गेला. तीन-चार दिवसांत इराणी सैन्याने शस्त्रं खाली ठेवली.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. १८५६-५७ च्या इराण युद्धात मुंबईहूनच फौज निघून बुशेहरला उतरली होती. पूना हॉर्स या रेजिमेंटच्या निशाणावरचा चांदीचा पंजा त्याच मोहिमेतला, खुशाबच्या लढाईतला. बुशेहरचा ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली काम करायचा. म्हणजे दक्षिण इराणमधल्या कुठल्या खानाला किती पैसे द्यायचे याची पत्रं एके काळी आपल्या मुंबईत वाचली जायची.

राजाचं काय झालं? रझा शाहने १६ सप्टेंबर १९४१ रोजी गादी सोडली, मुलगा महंमद रझा गादीवर बसला. म्हाताऱ्याला कुटुंबासह ‘बांद्रा’ नावाच्या बोटीवर चढवलं. त्याची समजूत अशी की आपण हिंदुस्थानात उतरणार. बोट मुंबईबाहेर येऊन थांबली. तिथे त्याला सांगण्यात आलं की किनाऱ्यावर पाय ठेवता येणार नाही. दुसऱ्या बोटीतून मॉरिशसला जायचं. पुढे तिथून जोहान्सबर्गला, आणि तिथेच १९४४ मध्ये तो वारला. ज्याच्या नुसत्या नावाने इराणचे सरदार चळचळा कापायचे, त्याला मुंबई फक्त बोटीवरून दिसली.

आता टोळ्यांकडे येतो, कारण खरी गोष्ट इथे आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या लोकसंख्येचा साधारण चौथा हिस्सा भटका होता असा अंदाज आहे. कुर्द, लूर, बख्तियारी, बलुच, तुर्कमेन, आणि फार्स प्रांतातले कश्काई. कश्काई तुर्की बोलतात. उन्हाळ्यात शिराझच्या उत्तरेला सेमिरोमच्या बाजूच्या थंड डोंगरांत, हिवाळ्यात खाली आखाताच्या दिशेने गरम पट्ट्यात. बायकापोरं, तंबू, मेंढरं, घोडे, सगळं घेऊन शेकडो मैल. आपल्याकडे धनगर पावसाळा संपला की वाडा घेऊन कोकणाच्या दिशेने निघतात ना, तसंच; फक्त तिकडे पुरुषाच्या खांद्यावर बंदूक असायची आणि वर एक इलखान असायचा, ज्याच्या शब्दावर हजारो स्वार निघायचे.

रझा शाहला हे नको होतं. त्याला एक देश, एक भाषा, एक पोशाख हवा होता. १९२८ च्या कायद्याने पुरुषांना एकसारखा पोशाख आणि टोपी सक्तीची झाली. टोळ्यांच्या बंदुका काढून घेतल्या. त्यांच्यावर लष्करी अधिकारी नेमले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फिरणंच बंद केलं. एका जागी घरं बांधा आणि शेती करा असा हुकूम. थंड डोंगरात बसवलं तर हिवाळ्यात मेंढरं मरायची, गरम पट्ट्यात बसवलं तर उन्हाळ्यात. फिरायचंच असेल तर परवाना काढा, आणि परवाना हवा असेल तर अधिकाऱ्याचा हात ओला करा. मेंढपाळाचं पोट मेंढरावर असतं. कळप संपला की माणूस संपला.

खानांची गोष्ट वेगळी. त्यांना तुरुंग. कश्काईंचा इलखान सौलत-उद-दौला १९३३ मध्ये तेहरानच्या तुरुंगात मेला. बख्तियारींचा सरदार असद तर रझा शाहचाच युद्धमंत्री होता. त्यालाही त्याच वर्षी उचललं आणि पुढच्या वर्षी तोही तुरुंगातच संपला. हे मृत्यू नैसर्गिक होते असं तेव्हाही कोणी मानलं नाही.

सौलत-उद-दौला हे नाव लक्षात ठेवा, कारण इंग्रजांशी त्याचा जुना हिशोब होता. पहिल्या महायुद्धात इराण तटस्थ होता, तरी त्याच्या जमिनीवर सगळेच लढले. इंग्रजांनी १९१६ मध्ये दक्षिणेत ‘साउथ पर्शिया रायफल्स’ नावाचं दल उभं केलं, पर्सी साइक्सच्या हाताखाली. इराणी भरती, ब्रिटिश अधिकारी, जोडीला हिंदी पलटणी. इराणी लोकांना ही उघड परकी फौज वाटली. १९१८ मध्ये सौलत-उद-दौलाने शिराझला वेढा दिला. वेढा फसला, त्याच वर्षी आलेल्या इन्फ्लुएंझाने कश्काईंची माणसं पटापट मेली.

त्या काळातही ‘जर्मन हात’ होताच. वासमुस नावाचा जर्मन, बुशेहरला वकील राहिलेला, इराणी पोशाख घालून तांगिस्तानच्या टोळ्यांत राहिला आणि त्यांना इंग्रजांविरुद्ध उठवत राहिला. इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘जर्मन लॉरेन्स’ म्हणतात. मला त्याचा पुढचा भाग जास्त आवडतो. त्याने टोळ्यांना बर्लिनच्या नावाने पैशांचे वायदे केले होते. जर्मनी हरली, पैसे आले नाहीत. हा गडी १९२४ मध्ये परत तिथेच गेला, जमीन घेतली आणि शेतीच्या नफ्यातून ते कर्ज फेडायचं म्हणाला. शेती बुडाली. १९३१ मध्ये बर्लिनमध्ये मेला. परक्या सत्तांनी टोळ्यांना दिलेल्या वायद्यांचा इतिहास लांबलचक आहे. त्यात दिलेला शब्द स्वतःच्या खिशातून पाळायला परत आलेला माणूस मला तरी हा एकच माहीत आहे.

तर १९४१. रझा शाह गेला तसं सौलत-उद-दौलाचे मुलगे नासिर खान आणि खुस्रो खान तेहरानमधल्या नजरकैदेतून निसटून फार्समध्ये आले. इराणी सैन्य फुटलं होतं. शिपाई बंदुका टाकून, काही तर विकून घरी गेले होते. त्या बंदुका डोंगरात पोचल्या. कश्काईंनी आपली जप्त झालेली जमीन परत घ्यायला सुरुवात केली, लष्करी अधिकाऱ्यांना हाकललं आणि पुढच्या मोसमात तंबू उचलून पुन्हा चालायला लागले. हे करायला त्यांना कुठल्या जर्मनाने सांगावं लागलं नव्हतं.

जर्मन होते मात्र. फ्रान्झ मायर हा एसएसच्या हेरखात्याचा माणूस, १९४० पासून तेहरानमध्ये एका वाहतूक कंपनीच्या आडोशाने राहत होता. स्वारी झाल्यावर तो शहरातच लपला आणि इराणी अधिकारी, पुढारी यांची एक गुप्त संघटना जमवत बसला. दुसरा शुल्झ-होल्थुस, लष्करी हेरखात्याचा, तब्रीझमध्ये उपवकील म्हणून आलेला. तो १९४२ मध्ये नासिर खानाकडे पोचला आणि त्याचा लष्करी सल्लागार होऊन बसला. १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा कॉकेशसपर्यंत आल्या होत्या. अजून एक डोंगर ओलांडला की इराण. नासिर खानानेही हिशोब केला असणार की जर्मन आलेच तर आपण आधीपासून त्यांच्या बाजूचे दिसायला हवं.

इकडे शहरांत काय चाललं होतं तेही सांगायला हवं, नाही तर सगळा हेरांचा सिनेमा वाटेल. पौंडाचा भाव ६८ रियालवरून १४० वर ठरवला गेला. म्हणजे परक्या फौजांना इराणमधला माल, मजुरी, धान्य जवळपास निम्म्या भावात. मालगाड्या रशियाकडे धावत होत्या, गव्हाला डबे नव्हते. साठेबाजी सुरू झाली, आणि त्यात व्यापाऱ्यांबरोबर खानही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. डिसेंबर १९४२ मध्ये तेहरानमध्ये पावासाठी दंगल झाली, गोळीबार झाला. त्या हिवाळ्यात टायफस पसरला. खान डोंगरात बंडखोर होता, आणि खालच्या गावांसाठी तोच गहू अडवून धरणारा जमीनदारही होता. रस्त्यावरचे ट्रक लुटणारे त्याचेच स्वार होते.

नोव्हेंबर १९४२ मध्ये मायरची कागदपत्रं इस्फहानमध्ये ब्रिटिशांच्या हाती लागली. त्यात इस्फहानचा लष्करी प्रमुख जनरल फझलुल्ला झाहेदी याचं नाव आलं. शहरात जनरल, डोंगरात कश्काई आणि बख्तियारी, आकाशातून जर्मन असा बेत. डिसेंबरमध्ये फिट्झरॉय मॅक्लीन नावाचा ब्रिटिश अधिकारी भेटीच्या निमित्ताने झाहेदीच्या घरी गेला, पिस्तूल रोखलं, त्याला मोटारीत बसवलं आणि त्याच्याच सैन्याच्या देखत शहराबाहेर काढलं. युद्ध संपेपर्यंत त्याला पॅलेस्टाइनमध्ये कैदेत ठेवलं. या झाहेदीकडे आपण परत येऊ.

जुलै १९४३ मध्ये सेमिरोम घडलं. कश्काई आणि शेजारचे बोयर अहमदी यांनी मिळून तिथल्या सरकारी छावणीवर हल्ला केला. छावणी पडली, तिचा कर्नल मारला गेला, तोफा-बंदुका टोळ्यांच्या हाती गेल्या. आधुनिक म्हणवणाऱ्या सैन्याचा मेंढपाळांनी असा पराभव करावा, हे तेहरानच्या पचनी पडेना. लगेच आरोप सुरू झाले. इंग्रज म्हणाले, बघा, जर्मन. तेहरानमध्ये लोक म्हणाले, इंग्रजांनाच दुबळं सरकार हवंय म्हणून ते टोळ्यांना मोकळं सोडतात. त्या म्हणण्यालाही आधार होता. कश्काईंना शह म्हणून एकोणिसाव्या शतकात कजार राजांनी खम्से नावाचा पाच टोळ्यांचा संघ बांधला होता आणि तो शिराझच्या कवाम घराण्याकडे दिला होता. हे कवाम पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजांचे दोस्त, आणि युद्धकाळात फार्सचं गव्हर्नरपद कवामकडेच. म्हणजे एका टोळीचं बंड मोडायला दुसऱ्या टोळीचा मालक. याला कायदा-सुव्यवस्था म्हणायचं असेल तर म्हणा.

सेमिरोमनंतर सरकारने काय केलं? मोठी शिक्षेची मोहीम काढली नाही. ती ताकदच नव्हती. बोलणी केली. नासिर खानाने तोंडदेखली निष्ठा दाखवायची, सरकारने त्याच्या मुलखात लुडबुड करायची नाही, असा व्यवहार झाला.

त्याच उन्हाळ्यात जर्मनांनी कश्काईंच्या मुलखात विमानातून एसएसची माणसं उतरवली. बिचारे फार उशिरा आले. स्टॅलिनग्राड फेब्रुवारीतच संपलं होतं. ऑगस्टमध्ये मायर तेहरानमध्ये पकडला गेला. नासिर खानाला दिसत होतं की हा घोडा शर्यतीत नाही. पण पाहुण्याला शत्रूच्या हाती देणं म्हणजे टोळीत नाक कापून घेणं. मग तोडगा निघाला तो असा. त्याचे दोन भाऊ युद्धकाळात जर्मनीत होते. परत येताना ते इंग्रजांच्या हाती सापडले. मार्च १९४४ मध्ये नासिर खानाने शुल्झ-होल्थुस आणि बाकीचे जर्मन इंग्रजांना दिले, आणि भाऊ परत घेतले.

शुल्झ-होल्थुसने पुढे आठवणी लिहिल्या. त्यात अर्थातच तो खानाचा सल्लागार आहे. मला हिशोब उलटा दिसतो. दोन वर्षं जर्मन समजत होते की आपण कश्काईंना वापरतोय, आणि शेवटी कश्काईंनी त्यांना देऊन घरची दोन माणसं सोडवली. ‘परकीय हात’ हा शब्द मी इतक्या वेळा छापलेला पाहिलाय, पण तो हात धरणाऱ्याच्या बाजूने गोष्ट सांगितलेली क्वचितच वाचली.

उत्तरेकडे हा खेळ जास्त महागात गेला. रशियन पट्ट्यात इराणी सैन्याला येऊच देत नव्हते, त्यामुळे कुर्दी टोळ्या मोकळ्या होत्या. रशियनांनी कुर्दी प्रमुखांना १९४१ मध्येच बाकूला नेऊन पाहुणचार केला होता. महाबादमध्ये शिकलेल्या तरुणांची संघटना उभी राहिली, आणि २२ जानेवारी १९४६ रोजी काझी महंमद यांनी कुर्दी प्रजासत्ताक जाहीर केलं. शेजारी आझरबैजानमध्ये पिशेवारींचं सरकार महिनाभर आधीच आलं होतं. इथे फक्त खानांचं राजकारण नव्हतं. कुर्दी भाषेत शाळा, कुर्दी वर्तमानपत्र, आपलं निशाण. माणसांनी खरंच काही मागितलं होतं.

करार असा होता की युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत फौजा जातील. इंग्रज आणि अमेरिकन गेले, रशियन मुदत उलटली तरी हलेनात. एप्रिल १९४६ मध्ये पंतप्रधान कवाम-उस-सल्तने (वरच्या शिराझच्या कवामांशी घोटाळा करू नका) यांनी उत्तर इराणमधल्या तेलाचा करार देऊ केला, आणि मे महिन्यात रशियन निघून गेले. डिसेंबरमध्ये इराणी सैन्य महाबादमध्ये शिरलं. बऱ्याच टोळीप्रमुखांनी तोपर्यंत बाजू बदलली होती. काझी महंमद पळून न जाता गावातच थांबले. ३१ मार्च १९४७ च्या पहाटे महाबादच्या चौकात त्यांना फाशी दिलं. आणि ज्या तेलाच्या वायद्यावर रशियाने त्यांना सोडलं, तो करार इराणी संसदेने ऑक्टोबर १९४७ मध्ये फेटाळून लावला. रशियाला तेलही मिळालं नाही.

दक्षिणेत १९४६ च्या सप्टेंबरात नासिर खान पुन्हा उठला. मागणी साधी होती. आझरबैजानला देता ते फार्सला द्या, आणि मंत्रिमंडळातले कम्युनिस्ट तुदेह पक्षाचे मंत्री काढा. बुशेहर, काझरून त्याच्या हाती गेलं. पुन्हा तेहरान म्हणालं, इंग्रज. त्याच ऑगस्टमध्ये अबादानच्या संपाचं कारण दाखवून हिंदी फौज बसऱ्याला आणून ठेवली होती, त्यामुळे संशयाला जागा होतीच. ऑक्टोबरमध्ये तुदेहचे मंत्री गेले.

आता झाहेदी. ज्याला जर्मनांचा माणूस म्हणून इंग्रजांनी पिस्तूल रोखून उचललं होतं, तोच ऑगस्ट १९५३ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन हेरखात्यांनी घडवलेल्या उठावातून मोसादेकांना पाडून पंतप्रधान झाला. त्या वेळी शाहचं मन वळवायला अमेरिकेने जे लोक पाठवले त्यांत जनरल श्वार्झकॉफ होता, महायुद्धात इराणच्या जाँदार्मरीला शिकवायला आलेला. १९९१ च्या आखाती युद्धातला श्वार्झकॉफ त्याचा मुलगा.

आणि ज्यांना आयुष्यभर कोणाचे ना कोणाचे हस्तक म्हटलं गेलं, ते कश्काई बंधू १९५३ मध्ये मोसादेकांच्या बाजूने राहिले. त्याबद्दल शाहने त्यांच्या जमिनी घेतल्या आणि त्यांना देशाबाहेर काढलं. पंचवीस वर्षांनी, १९७९ मध्ये शाह गेल्यावर ते परतले. खुस्रो खान पहिल्या संसदेवर निवडून आला, पण त्याला बसू दिलं नाही. अमेरिकेचा हस्तक असल्याचा आरोप आला. तो निसटून डोंगरात गेला, दोन वर्षं लढला, पकडला गेला, आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये त्याला शिराझमध्ये जाहीर फाशी दिलं. नासिर खान देशाबाहेर निसटला. तो १९८४ मध्ये अमेरिकेत वारला.